बाराशे फूट

डिलिंगहॅम, अलास्का
रविवार, १२ मे

प्रिय निल्स,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडता शेगडीत टाकशील, ही शक्यता धरूनच मी लिहायला बसले आहे. टाकायचं तर टाक, पण वाचून टाक. एकोणीस वर्षांत आपल्यात नाताळच्या कार्डांपलीकडे काही गेलं-आलं नाही, आणि त्या कार्डांवरही मी फक्त 'आई' लिहिते आणि तू फक्त 'निल्स'. गेल्या वर्षी तू माझ्या नातीचा, टिलीचा, फोटो घातला होतास. तिचे पुढचे दोन दात पडलेले दिसत होते. तो फोटो फ्रिजवर लावला आहे. आज मातृदिन आहे म्हणून मी हळवी झाले असं समजू नकोस. रविवारी मला वेळ असतो, एवढंच.

आधी बातमी. मी विमान चालवायला शिकले. गेल्या मंगळवारी परीक्षा झाली, पास झाले, परवाना माझ्या पर्समध्ये आहे. परीक्षा घ्यायला अँकरेजहून एक बाई आली होती, वयाने तुझ्याएवढी असेल. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "अडुसष्टाव्या वर्षी हे कशासाठी?" तिला मी उत्तर दिलं. तुला पुढे देते.

तुझ्यासमोर विमानाचं नाव काढणं योग्य नाही हे मला कळतं. तुझे वडील गेले त्या दिवसापासून तू विमानात पाय ठेवलेला नाहीस. अपघातात मोडलेला पाय बरा झाल्यावर नाकनेकहून बोटीने नदी चढून इगियुगिगला गेलास तो तिथेच राहिलास, बोटींची इंजिनं दुरुस्त करत. घरातून नेलंस ते एकच, तुझ्या वडिलांचं, लॉयडचं, पितळेचं हवेचा दाब दाखवणारं यंत्र. भिंतीवर त्याचा गोल डाग अजून आहे. त्यावर मी काही टांगलं नाही.

गस्टी नेकेफेरॉफ आठवतो? शाळेत तुझ्या दोन वर्षं पुढे होता. त्याला मी सातवीत गणितात नापास केलं होतं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं की खिडकीतून विमानं बघून कुणाचं पोट भरत नाही. आता त्याची स्वतःची तीन विमानं आहेत आणि पोटही चांगलंच सुटलं आहे. दोन वर्षांपूर्वी पोस्टात भेटला. म्हणाला, "बाई, निवृत्त होऊन कसं वाटतंय?" मी म्हटलं, "वाईट. सगळे माझ्यापेक्षा हळू चालतात. मला विमान शिकव." त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग त्याला आठवलं असावं की मी चेष्टा करत नाही. "शिकवतो," म्हणाला, "पण गणितात चुकलात तर वर्गासमोर सांगणार." मी म्हटलं, "वर्गात दुसरं आहे कोण?" तर म्हणे, "आहे ना, माझा कुत्रा."

त्याच्या हँगरमध्ये फळा आहे. जुनी शाळा पाडली तेव्हा त्याने तो उचलून आणला होता. उजव्या कोपऱ्यातला चरा बघताच मी ओळखलं, माझाच फळा. त्याच्यासमोरच्या बाकावर मी बसले, आणि गस्टीने त्यावर सहा गोल काढले. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी लिहिते, कारण मला ते कोणत्या वाटेने कळलं हे तुला कळायला हवं. वरच्या ओळीत तीन तबकड्या: वेग, क्षितिज, उंची. खालच्या ओळीत तीन: वळण, दिशा, चढ-उतार. बाहेर काही दिसेनासं झालं की जगाबद्दल जे काही कळायचं ते या सहा जणींकडूनच.

पहिला महिना मी एकाच तबकडीकडे टक लावून बसायची. उंची बघायची आणि दिशा पार सुटायची. गस्टीने बरण्यांची झाकणं आणली, तीच, आपण धुरावलेला सामन मासा भरतो त्या बरण्यांची, आणि चिकट मेणाने एकेका तबकडीवर लावून टाकायला लागला. "बाई, वर्गात एकाच पोराकडे बघत बसलात तर बाकीची पाच काय करतील?" मी म्हटलं, "माझ्या वर्गात काही करत नसत." "करायची," तो म्हणाला. "मी सांगतो ना, करायची."

मग त्याने मला माझीच युक्ती शिकवली. तुला आठवत असेल, खडू कुणी फेकला ते शोधायचं असलं की मी सहा जणांना ओळीत उभं करायची आणि प्रत्येकाला वेगळाच प्रश्न विचारायची. तुझ्या डावीकडे कोण बसलं होतं? खिडकी उघडी होती की बंद? खोटं बोलणाऱ्याचं उत्तर बाकीच्यांशी जुळत नाही. "आम्हाला वाटायचं तुम्हाला जादू येते," गस्टी म्हणाला. मी म्हटलं, "जादू कसली, चौकशी." "मग करा चौकशी. सहातली एक खोटं बोलते आहे. कोणती?" आणि हे मला इतकं जमायला लागलं, निल्स, की तो कोणतंही झाकण लावो, कोणतीही सुई बिघडली असं सांगो, मी मिनिटात गुन्हेगार पुढे काढायची. तो कुत्र्याला म्हणायचा, "बघ, बाई अजून तशाच आहेत."

पण एक दिवस त्याने मला अडवलं. "बाई, तीन पोरं एकाच बाकावरची असली आणि आधीच ठरवून आली असली तर?" आणि फळ्यावर विमानाच्या कुशीला त्याने एक टिंब काढलं. शर्टाच्या बटणाएवढी चकती, तिच्यात एक बारीक छिद्र. उंची, चढ-उतार आणि वेग या तिघी त्या एका छिद्रातून श्वास घेतात. वेगाला पंखाखालच्या नळीतून समोरचा वारा मिळतो खरा, पण तो किती जोराचा हे ती या छिद्रातल्या शांत हवेशी ताडून ठरवते. छिद्र बुजलं की तिघी एकाच बाकावरून एकच खोटं सांगतात, आणि चेहरा असा की शपथ घेतील. उंचीची तर आणखी एक गंमत. तिला उंची कळतच नाही. तिला फक्त हवेचा दाब कळतो, आणि तुमच्या खालच्या जमिनीवर आज दाब किती आहे हा आकडा जमिनीवरच्या माणसाने तिला सांगावा लागतो. चुकीचा सांगितला तर ती इमानदारीने चुकीची उंची दाखवते.

हे ऐकून मला राग आला. माझं सगळं आयुष्य मी असं धरून काढलं की घड्याळ म्हणजे घड्याळ, मग ते भिंतीवरचं असो की विमानातलं. मी फळ्यावरची नजर काढून घेतली. गस्टीने चहा ओतला, पायलट ब्रेडच्या कडक बिस्किटावर जाम लावून पुढे केला. अपघातानंतर तुम्हा दोघांना शोधायला जे गेले होते त्यांत तो होता, हे तेव्हा आमच्या दोघांच्याही मनात होतं.

आता एकवीस एप्रिलचं सांगते. आदल्या दुपारी मी विमान धुतलं. खाडीवरचं मीठ पंखांवर साचलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं. धुताना त्या छिद्रात साबणाचं पाणी जाऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावतात. गस्टीने लाल पट्टी दिली होती, लांबून दिसणारी. लाल पट्टीचा गोंद डाग ठेवतो म्हणून मी माझ्या ड्रॉवरमधली पांढरी लावली. पांढऱ्या विमानावर पांढरी पट्टी. धुऊन, पुसून, कोरडं करून मी तीन पावलं मागे सरून बघितलं आणि मला माझाच अभिमान वाटला. सकाळी विमानाभोवती तपासणीची फेरी मारली तेव्हाही सगळं स्वच्छ दिसलं. स्वच्छच होतं.

त्या दिवशी मी एकटी उडणार होते. ढग बरेच वर होते, वारा नव्हता. धावपट्टी संपते तिथे खाडी सुरू होते. वर राखाडी, खाली राखाडी, पाण्यावर बर्फाचे राहिलेले तुकडे, आणि दोन्हींची शिवण कुठे आहे ते दिसत नव्हतं. चाकं सुटली आणि वेगाची सुई उतरायला लागली. सत्तर. साठ. चाळीस. निल्स, सुई अशी पडते तेव्हा हात आपणहून पुढे जातो. नाक खाली घाल, वेग घे, नाहीतर पडशील, हे पहिल्या धड्यापासून हाडात भरवलेलं असतं. माझा हात पुढे गेला होता. खाली पाणी होतं आणि मी त्यात विमान घालायला निघाले होते.

आणि तेव्हा मी माझ्या वर्गातल्या आवाजात मोठ्याने म्हटलं, "ओळीत उभे राहा." विमानात एकटीच होते, हे बरं झालं. मी एकेकीला विचारलं. उंची म्हणाली ऐंशी फूट, म्हणजे धावपट्टीची उंची. चढ-उतार म्हणाली शून्य. वेग आता म्हणत होती शून्य. तिघी एका सुरात सांगत होत्या की मी अजून धावपट्टीवर उभी आहे. क्षितिज म्हणालं, नाक वर आहे. इंजिन पूर्ण जोरात होतं. खिडकीतून खाली बघितलं तर बेलुगा देवमाशांचा कळप दिसला, भाताच्या शितांएवढा. एकाच बाकावरच्या तिघी. मी हात मागे घेतला.

ते विमान जुनं आहे, छिद्र बुजलं तर दुसरीकडून हवा घ्यायची कळ त्यात नाही. अशा वेळी काय करायचं ते गस्टीने फळ्यावर शिकवलं होतं, प्रत्यक्षात कधी नाही, कारण तबकडी महाग असते. सहांतली सगळ्यांत कमी कामाची चढ-उताराची. तिची काच फोडायची. आतल्या बाजूने हवा शिरते आणि बाकीच्या दोघींना श्वास मिळतो. मी टॉर्च घेतला आणि त्याच्या मुठीने फटका मारला. पहिल्याने काही झालं नाही. मी हळू मारला होता. वस्तू फोडायची मला सवय नाही. दुसऱ्याने काच मांडीवर आली.

सुया एकदम उठल्या नाहीत. हळूहळू, झोपेतून उठवलेल्या पोरांसारख्या उठल्या. उंची दोनशे, पाचशे, नऊशे. वेग ऐंशी. चढ-उताराची सुई त्यानंतर उलटंच सांगायला लागली, पण तिला आता कोण विचारतो. मी वळले, रेडिओवर सांगितलं की उतरते आहे, आणि उतरले. गस्टीने आजवर मला शाबासकी दिलेली नाही, पण चाकं टेकली ती इतकी हळू की ती केव्हा टेकली ते मलाच कळलं नाही.

तो धावत आला. माझ्या मांडीवरची काच बघितली, विमानाच्या कुशीकडे गेला, आणि नखाने पांढरी पट्टी सोलून माझ्यासमोर धरली. मग म्हणाला, "बाई, फळ्यावर चला. शंभर वेळा." मी लिहिलं. 'छिद्र मोकळं आहे हे मी हात लावून पाहीन.' पूर्ण शंभर, आणि शेवटच्या ओळीचं अक्षर पहिल्या ओळीइतकंच चांगलं. कुत्रा शेवटपर्यंत बसून होता. लिहून झाल्यावर गस्टी मोजत बसला. "शंभरच आहेत," म्हणाला. मी म्हटलं, "मग गणित येतं तुला." तेव्हा आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. गस्टीने ते बघितलं नाही असं दाखवलं. या मुलाला मी नापास करायला नको होतं.

घरी आले आणि खालचा ड्रॉवर उघडला. अपघाताच्या चौकशीचा अहवाल त्यात एकोणीस वर्षं पडून होता. मी तेव्हा त्याचं पहिलं पान वाचलं होतं. 'चालकाने उंची राखली नाही.' चालक तू होतास; तेवढं वाचून मी तो मिटला होता. उरलेली पानं तबकड्या आणि आकड्यांनी भरलेली होती, मला ती कळत नव्हती, आणि कळून घ्यायचीही नव्हती. या वेळी सगळी वाचली. अकराव्या पानावर आहे: 'छिद्र बर्फाने पूर्ण बुजलेलं आढळलं. उंचीची तबकडी बाराशे फुटांवर थांबलेली होती.'

मग मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा झाकणं मांडली आणि तुझ्या जागेवर बसले. ओला बर्फ पडतो आहे, बाहेर पांढऱ्यात पांढरं. उंची बाराशे, हलत नाही. चढ-उतार शून्य. विमान थोडं उतरतं, आणि वेगाची सुई वर जाते. म्हणून तू इंजिन कमी केलंस. इंजिन कमी म्हणून विमान आणखी खाली, आणि खाली गेलं म्हणून सुई आणखी वर. तू नाक सरळ धरून ठेवलं होतंस, म्हणून क्षितिजही सरळ. कोणालाही विचार, सगळ्या म्हणणार, ठीक चाललं आहे. आणि टेकडी नऊशेवर होती. मी तुझ्या जागी असते तर मीही इंजिन कमी केलं असतं. माझ्यासमोर स्वच्छ हवा होती, खिडकीतून देवमासे दिसत होते, तरीही माझा हात पुढे गेला होता. तुला खिडकीत काहीच नव्हतं.

दवाखान्यात पाय वर टांगलेला असताना तू मला एकच वाक्य सांगितलंस. "आई, बाराशे दाखवत होतं." आणि मी म्हटलं, "घड्याळं खोटं बोलत नाहीत, निल्स. माणसं बोलतात." तू त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीस, आणि मी तो तुझा अपराध धरला. सहा जणांना ओळीत उभं केल्याशिवाय मी कधी एका पोराला शिक्षा केली नाही. माझ्या स्वतःच्या पोराला केली. एकही साक्ष न तपासता.

आता त्या परीक्षक बाईला दिलेलं उत्तर. मी शिकायला गेले ती तुला समजून घ्यायला गेले नव्हते. तुझी चूक होती हे सिद्ध करायला गेले होते. लक्ष देणाऱ्या माणसाला तबकडी फसवू शकत नाही, हे मला स्वतः उडून दाखवायचं होतं, आणि मग ते तुला लिहून कळवायचं होतं. दोन वर्षं घासून मी जे सिद्ध केलं ते हे, की तू खरं बोलत होतास. परीक्षक बाईला मी म्हटलं, "मुलाला सांगायचं आहे की तो पास झाला होता." तिला त्यातलं काही कळलं नसेल. तुला कळेल. चुकले मी, निल्स. हे मी कागदावर लिहून देते आहे, कारण तोंडाने बोललेलं आपल्या घरात टिकत नाही.

ही चिठ्ठी बुधवारच्या टपालाच्या विमानाने तुझ्याकडे पोहोचेल. शनिवारी सकाळी हवा बरी असली तर मी दहा वाजता इथून निघेन, एकटीच, आणि अकराच्या सुमाराला इगियुगिगच्या वर असेन. छिद्र हात लावून पाहिलेलं असेल. बाजूची खुर्ची रिकामी आहे, पण त्यात बस असं मी तुला म्हणणार नाही, ना आता ना पुढे कधी. धावपट्टीपर्यंत यायलाही सांगत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात विमानांशी बोलायचा रेडिओ चालू असतो, तेवढा असू दे. उतरण्याआधी मला तिथल्या हवेचा दाब विचारावा लागतो. तिथल्या धावपट्टीवरचं स्वयंचलित यंत्र तो सांगतं, ते मला माहीत आहे, पण मी यंत्राला विचारणार नाही. लॉयडचं पितळी यंत्र तुझ्या भिंतीवर असेल. त्याच्यावर बोटाने हलकेच टिचकी मार, जशी तो मारायचा, आणि आकडा मला वाचून दाखव. टिलीला वाचायचा असेल तर तिच्याकडून वाचून घे, पण बरोबर आहे ना ते तू बघ. तू सांगशील तो आकडा मी लावीन आणि त्या उंचीवर विश्वास ठेवून खाली येईन. तू काही बोलला नाहीस तर एक चक्कर मारून परत जाईन, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचारीन. माझ्याकडे इंधन आहे आणि शनिवार पुष्कळ आहेत.

तुझीच,
आई